पाच वाजताची चिडचिड आणि दुपारचा डबा

पतसंस्थेत मार्च एंडिंग म्हणजे काय, हे ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. तेरजा जुळत नाहीत, थकबाकीदारांचे फोन संपत नाहीत, घरी पोचायला रात्रीचे आठ. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चात मी रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास कोणावर तरी करवादायचे. एकदा फोनवर लेकीला इतकं बोलले की तिनं फोन ठेवून दिला, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रात्री आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "दुपारी काय खाल्लं होतंस?"

मला रागच आला. माझं मन दुखतंय आणि ही जेवणाचं विचारतेय. पण उत्तर आठवायला लागले तेव्हा गप्प झाले. सकाळी चहा-खारी. अकराला चहा. दोनला डब्यातली दीड पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी. चारला पुन्हा चहा आणि क्रीमची बिस्किटं. दिवसभरात हिरवं म्हणावं असं काही पोटात गेलंच नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात डब्यात आणि घरातल्या ताटात मी जे बदल केले, ते इथे क्रमानं लिहिते आहे. कुठलाही पदार्थ बाहेरून मागवावा लागत नाही. आपल्या कोनाड्यात, फडताळात आणि मंडईत सगळं आहे. फक्त कुठल्या वेळेला काय खायचं, हे नव्यानं बसवायचं आहे.

आधी, अन्नाकडून किती अपेक्षा ठेवायची

या विषयावर मोठमोठे दावे चालतात, म्हणून हे आधी स्पष्ट करते. ऑस्ट्रेलियात डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका यांच्या नेतृत्वाखाली एक प्रयोग झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेली ६७ माणसं त्यात होती. अर्ध्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञांनी जेवण बदलायला मदत केली: भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, ऑलिव्ह तेल, सोबत मासे आणि थोडं दूध, मांस. उरलेल्यांना तितकाच वेळ गप्पा आणि सोबत मिळाली. शेवटी आहार बदललेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांची लक्षणं नैराश्याच्या पातळीखाली उतरली होती, सोबतीच्या गटात ८ टक्के. आकडा मोठा आहे, पण माणसं थोडी होती, त्यातली बरीचशी आधीपासून उपचार घेत होती, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना कळत होतं. दुसरीकडे २०१९ साली युरोपातल्या चार देशांत हजाराहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगात जीवनसत्त्वं आणि ओमेगा-३ च्या गोळ्या वर्षभर देऊनही नैराश्य टळलं नाही. मला या दोन्हींतून इतकंच घ्यावंसं वाटतं, की गोळीच्या पाकिटावर भिस्त ठेवू नये, आणि जेवणाला हलकंही लेखू नये.

आणखी एक गोष्ट. "शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, म्हणून पोट खूश तर मन खूश," हे वाक्य तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आलं असेल. पहिला अर्धा भाग खरा आहे. पण आतड्यातलं ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. पोट आणि मेंदू यांचं बोलणं चालतं ते दुसऱ्या वाटांनी. आपण पचवू न शकलेला चोथा मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्लं तयार होतात. ती आतड्याचं अस्तर पोसतात आणि शरीरातली अंतर्गत सूज आटोक्यात ठेवायला मदत करतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू पोटाचे निरोप मेंदूपर्यंत नेतो. शिवाय दोन साध्या गोष्टी आहेत: रक्तातली साखर एकदम चढून उतरली की माणूस थकतो आणि चिडतो, आणि लोह किंवा फोलेट, बी-१२ ही जीवनसत्त्वं कमी पडली की तोच माणूस विनाकारण उदास वाटू लागतो. रोजच्या स्वयंपाकात आपल्या हातात आहेत त्या मुख्यतः या शेवटच्या दोन.

पहिली पायरी: आठवडाभर काहीही न बदलता लिहा

दूधवाल्याचे खाडे ज्या कॅलेंडरवर लिहिता, त्याच्याच शेजारी एक वही टांगा. तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता काय खाल्लं, चहा कधी झाला, आणि मन कधी बिघडलं. मनासाठी लांबलचक लिहू नका. "चिडले", "रडू आलं", "छातीत धडधड", "ठीक" एवढं पुरे. रात्री किती वाजता झोप लागली तेही लिहा.

सात दिवसांनी वही उघडली की बहुतेकांना एक ठरावीक वेळ दिसते. माझी पाचची होती. माझ्या जावेची सकाळी अकराची निघाली, कारण ती मुलांचे डबे भरण्याच्या नादात स्वतः उपाशीच कामाला लागायची. एका मैत्रिणीची रात्री साडेदहाची. तिचं जेवण दुरुस्त करण्याआधी सासूच्या आजारपणातलं जागरण कमी करायला हवं होतं, आणि ते वहीनंच दाखवलं. सगळं काही खाण्यातून येत नाही, हे कळणंही या आठवड्याचंच काम आहे.

दुसरी पायरी: बिघडण्याच्या वेळेआधीचं खाणं बदला

सगळा आहार एकदम बदलू नका. तसं केलेलं चौथ्या दिवशी मोडतं. वहीत जी वेळ सापडली, तिच्याआधीची दोन खाणी तेवढी पकडा. माझ्यासाठी ती होती दुपारचा डबा आणि चारचा चहा.

डब्याचं गणित मी असं बसवलं: एक भाकरी किंवा दोन पोळ्या, एक वाटी दाट उसळ किंवा डाळ, एक वाटी भाजी, आणि कच्चं काहीतरी. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कांदा, जे असेल ते. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी सोबत उसळ हवीच. नुसती पोळी-बटाटा म्हणजे पिठाबरोबर पीठ. ते लवकर पचतं आणि तासा-दोन तासांत पुन्हा पोकळी वाटते. भाकरी जमत नसेल तर पोळीच ठेवा; चक्कीवरून आणलेल्या, न चाळलेल्या कणकेतही चांगला चोथा असतो. कोंडा चाळून टाकायची सवय मात्र सोडा.

चारच्या चहाबरोबरची बिस्किटं सोडणं मला सगळ्यात जड गेलं. ऑफिसात पुडा फिरतो आणि नाही म्हणणं तुटकपणाचं वाटतं. मी टेबलाच्या खणात चणे-शेंगदाण्यांचा डबा ठेवला आणि पुड्यासोबत तोही फिरवायला लागले. महिन्याभरात तो आधी संपू लागला. मूठभर भाजलेले चणे-दाणे, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, एखादा पेरू किंवा केळं, उन्हाळ्यात जिरं-कोथिंबीर घातलेलं ताक, घरी असाल तर वाफवलेल्या मुगाची कांदा-लिंबू घालून भेळ. यातलं काहीही चालेल. चारला काहीतरी चावून खाल्लेलं असलं की पाच वाजता समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेण्याइतका धीर उरतो. हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

चहाबद्दल इथेच सांगते. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, मी सोडलेला नाही. पण त्यातलं कॅफिन पाच-एक तासांनी निम्मं उतरतं. म्हणजे सहाचा चहा रात्री अकराला अर्धा जागाच असतो. अपुरी झोप झालेला माणूस दुसऱ्या दिवशी निम्म्या ताणालाही वाकतो. शेवटचा चहा चारला. आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, कारण त्यातले टॅनिन भाजीतलं लोह शरीराला घेऊ देत नाहीत.

तिसरी पायरी: रोज एकदा कडधान्य

एकच बदल करायची ताकद असेल तर हा करा. शंभर ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात चोथा जेमतेम ३ ग्रॅम असतो, ज्वारीत सुमारे १०, अख्ख्या मुगात सुमारे १७. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींप्रमाणे दिवसाला साधारण ३० ग्रॅम चोथा हवा. वरण-भात आणि दोन पोळ्यांत तो भरत नाही. उसळ आली की फरक पडतो. कडधान्यात फोलेट, मॅग्नेशियम आणि प्रथिनंही असतात.

अडचण नेहमी एकच असते, भिजत घालायचं राहून जातं. त्यासाठी वार ठरवा. आमच्याकडे शनिवारी रात्री मूग आणि मटकी, बुधवारी रात्री हरभरे किंवा चवळी भिजतात. मूग-मटकी आठ तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधली की उन्हाळ्यात रात्रीतून मोड येतात. थंडीत जास्त वेळ लागतो, तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या भांड्यात घालून गॅसच्या शेगडीजवळ ठेवावी. हरभरे, वाटाणे, राजमा दहा-बारा तास भिजलेच पाहिजेत. मोड आलेलं धान्य फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. कच्चे मोड खाण्यापेक्षा वाफवून खा. ओलसर उबेत मोडांबरोबर घातक जंतूही वाढतात.

"कडधान्यानं गॅस होतो" ही तक्रार खरी आहे, आणि ती न ऐकता पुढे गेलं तर आठवड्यात माणूस पुन्हा बिस्किटांकडे वळतो. म्हणून पहिले दोन आठवडे अर्धीच वाटी. सुरुवात मुगापासून करा, तो सगळ्यात हलका. मग मसूर, मटकी, चवळी, आणि शेवटी हरभरा, वाटाणा, राजमा. भिजवलेलं पाणी फेकून द्या. फोडणीत हिंग, वाटणात आलं, वालाच्या उसळीत ओवा, हे आपल्या आज्यांनी उगाच घातलेलं नाही. पाणीही वाढवा. चोथा वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर पोट साफ होण्याऐवजी बांधून येतं.

चौथी पायरी: पालेभाजी, आणि ती निवडणार कोण

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. चारशे ग्रॅम ऐकून घाबरायला होतं. दोन्ही जेवणांत एकेक वाटी शिजलेली भाजी, सोबत कोशिंबीर, आणि आमटीत शेवग्याच्या शेंगा किंवा दुधी, एवढं धरलं की त्याच्या जवळपास पोचता येतं.

पालेभाजी न होण्याचं कारण चव नसतं, निवडणं असतं. आणि ते काम घरात एकाच बाईच्या अंगावर पडतं. जिच्यावर आधीच ताण आहे तिला "पालेभाजी खात जा" असं सांगून अजून एक तास काम लावणं मला क्रूर वाटतं. आमच्या घरी आता शनिवारी रात्री टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरलं जातं आणि नवरा, लेक, मी, तिघं मिळून तीन जुड्या निवडतो. न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी तीन-चार दिवस बरी राहते. धुवायची ती करतानाच. एकटे राहत असाल तर निवडायला सोप्या भाज्या घ्या: पालक, चाकवत, आंबट चुका. मेथी आणि शेपू सुट्टीच्या दिवशी.

करायच्या पद्धती तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असतील. ताक-बेसन लावून, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून केलेली चाकवताची किंवा पालकाची पातळ भाजी मला या कामासाठी सर्वांत चांगली वाटते, कारण पाला, डाळ आणि दाणे एकाच वाटीत येतात. भाजी फार वेळ शिजवू नका, फोलेट उष्णतेनं जातं. आणि ताटात लिंबाची फोड हवीच. पालेभाजीतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त घेता येतं. डाव्या बाजूला लिंबू वाढायची रीत इथे अगदी उपयोगी पडते.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी बाजारात येतात तेव्हा जरूर आणा. पण रानभाजी ओळखीच्या विक्रेत्या मावशींकडून, करायची पद्धत विचारूनच घ्या. शेवळं काकड या आंबट रानफळाशिवाय केली तर घसा खाजून बेजार होतो.

पाचवी पायरी: किती प्रकार झाले ते मोजा

अमेरिका आणि इतर काही देशांतल्या मिळून दहा हजारांहून अधिक लोकांच्या आतड्यातल्या जीवाणूंची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. आठवड्यात ३० पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, १० किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जीवाणूंची विविधता जास्त आढळली. ही पाहणी आहे, कारण-परिणामाचा पुरावा नव्हे. तरी मोजायला हाताशी एक आकडा मिळतो.

तीस ऐकून लेक म्हणाली, "आई, एवढ्या भाज्या आणायच्या कुठून?" मग आम्ही थालीपिठाची भाजणी मोजली. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे. आठ तिथेच झाले. मेतकुटात मेथी, मोहरी, सुंठ, हळद वाढली. मऊ भात, मेतकूट आणि तूप हे आजारी माणसाचं जेवण समजलं जातं, पण थकून आलेल्या संध्याकाळी ते उत्तम जेवण आहे, आणि त्यात दहाएक वनस्पती आहेत.

आपल्या सणांनी हे वर्षातून दोनदा तरी करून ठेवलेलं आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी: हरभऱ्याचे सोलाणे, पावटे, वाटाणे, वांगी, गाजर, बोरं, उसाचे करवे, तिळाचं कूट, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी: अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, सुरण, मक्याचं कणीस. एरवीही महिन्यातून एकदा, फ्रीजमध्ये उरलेल्या प्रत्येकातलं मूठभर घेऊन अशी लेकुरवाळी भाजी करा. त्या आठवड्याचा आकडा आपोआप चढतो.

चटण्या हा माझा दुसरा आधार. जवस, तीळ, कारळं, शेंगदाणे: चार बरण्या भरून ठेवल्या की कसंही जेवण सुधारतं. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ भरपूर असतं. शरीर त्यातलं थोडंच माशांतल्यासारख्या रूपात बदलू शकतं, म्हणून जवस म्हणजे माशाला पर्याय असं समजू नका. मासे खात असाल तर बांगडा, तारली चालू ठेवा. जवस भाजून कुटूनच खा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. पंधरा दिवसांपुरतीच चटणी करा, तेल लवकर खवट होतं.

आंबवलेल्या पदार्थांचंही थोडक्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ सालच्या ३६ जणांच्या अभ्यासात, रोज आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता दहा आठवड्यांत वाढली आणि सूज दाखवणारे काही घटक कमी झाले. आपल्याकडे घरचं दही, ताक, आंबील आहेच. रोज एक वाटी पुरे.

उपवासाचे दिवस

माझी वही सांगते की चतुर्थी आणि एकादशी हे माझे वाईट दिवस होते. दिवसभर चहा, मग साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. श्रद्धा सोडायची गरज नाही, पदार्थ बदला: राजगिऱ्याची भाकरी, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर, केळं. आणि सकाळी उपाशी राहून थेट संध्याकाळी खाण्यापेक्षा तीन वेळा थोडं थोडं.

तपासणी करून घ्या

ही पायरी मी सर्वांत शेवटी केली आणि ती पहिली करायला हवी होती. माझं बी-१२ खूप कमी निघालं. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. दूध-दह्यात थोडं, अंडी-मासे-मांसात जास्त. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे दोन तृतीयांश लोकांमध्ये ते कमी आढळलं होतं. कमतरतेत थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासी असं सगळं येतं, आणि कितीही पालेभाजी खाल्ली तरी ते भरून निघत नाही. शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची गोळी बरीच वर्षं चालू असेल, तर बी-१२ तपासून घ्या. हिमोग्लोबिनही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय होता. पांढऱ्या पडलेल्या बाईला "तुझा स्वभावच चिडका" म्हणणं थांबवायला हवं.

काहींनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावेत. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवू किंवा तोडू नये, रोजचं प्रमाण सारखं ठेवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पालेभाज्या, केळी, कडधान्यांतलं पोटॅशियम अंगावर येऊ शकतं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना भात-बिस्किटं एकदम कमी केली तर साखर फार खाली जाऊ शकते. लिथियम घेणाऱ्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण मनानं बदलू नये. आणि मनाच्या आजाराची कुठलीही गोळी, बरं वाटतंय म्हणून किंवा आता जेवण सुधारलंय म्हणून, स्वतः बंद करू नये.

सहा ते आठ आठवडे हे सगळं नेमानं करून वही पुन्हा वाचा. "चिडले" आणि "रडू आलं" हे शब्द विरळ झाले असतील तर चालू ठेवा. झाले नसतील, किंवा सलग दोन आठवडे कशातच मन लागत नाही, झोप-भूक उडाली आहे असं असेल, तर सहा आठवडे थांबूही नका, डॉक्टरांकडे जा आणि वही सोबत न्या. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.